पत्रिकेवर ‘खूण’च्या जागी ‘खून’ गेलं, आता काय करू?

प्रश्न : मावशी, मी २४ वर्षांची आहे. बुलढाणा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका डीटीपीच्या दुकानात दोन वर्षांपासून कामाला आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, अर्ज, शाळेचे कार्यक्रम, सगळं टायपिंग माझ्याकडेच असतं. मागच्या महिन्यात एका पत्रिकेत पत्त्याखाली ‘खूण : मारुती मंदिराच्या मागे’ असं हवं होतं, माझ्याकडून ‘खून : मारुती मंदिराच्या मागे’ गेलं. ४०० पत्रिका छापल्या, अर्ध्या वाटून झाल्यावर कळलं. नवरीची आजी रडली म्हणे, अपशकुन झाला म्हणून. कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला, तो फिरत फिरत माझ्या भावाच्या मोबाईलवर आला. मालकांनी पगारातून २ हजार कापले. त्याच्या आधी एका फ्लेक्सवर ‘महाराष्ट्र दीन’ पण गेलं होतं. आमच्या घरी सगळे ‘पानी’, ‘लोनी’च म्हणतात, मला ऐकून फरक कळतच नाही. मराठी मीडियमची असून असं का होतं? आता प्रत्येक शब्दाची भीती वाटते. काम सोडून देऊ का? उत्तर दिलंत तर मणापासून आभारी राहीन.

उत्तर : पोरी, काम सोडायचं नाही. हे आधी सांगून टाकते म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

तुझ्या पत्रात एक गोष्ट मी दोनदा शोधली आणि ती सापडली नाही. तू त्या घरी गेलीस का? मालक गेले असतील, पैशाचं बोलणं झालं असेल, पण टाइप करणारी म्हणून तू स्वतः त्या आजींसमोर जाऊन उभी राहिलीस असं काही लिहिलेलं नाहीस. लग्न होऊन गेलं असलं तरी जा. आईला सोबत घे हवं तर, फार बोलू नको, आजी माझ्या हातून अक्षर चुकलं, तुमच्या नातीच्या कार्यात असं व्हावं हे माझ्या स्वप्नातही नव्हतं, माफ करा, एवढंच बोल आणि पाया पड. तुझा अपशकुनावर विश्वास आहे की नाही ते बाजूला ठेव. त्यांच्या घरातला पहिला मंगल कागद, जो देवापुढे ठेवतात, त्याच्यावर नको तो शब्द आला आणि तो कोणी मुद्दाम केला नाही हे त्या बाईंना कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं असणार, आणि ते सांगू शकणारी तू एकटीच आहेस.

हे मी अनुभवाने सांगते. मी २६ वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधक होते, म्हणजे पान छपाईला जाण्याआधी प्रूफ वाचायचं काम. एका रात्रपाळीला एक निधनवार्ता आली, तिच्या शेवटी वाक्य होतं, ‘त्यांचे मूळ गाव मूल.’ मला वाटलं कंपोझिंगमध्ये घसरलंय, मी लाल पेनाने त्या ‘ल’चा ‘ळ’ केला आणि सकाळी छापून आलं, ‘त्यांचे मूळ गाव मूळ.’ मूल हे चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे. मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी कोणाला विचारलंही नाही. दुपारी त्यांचा मुलगा अंक घेऊन ऑफिसात आला, ओरडला नाही काही नाही, नुसतं त्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं उद्या दुरुस्ती छापतो, हा अंक इथे ठेवून जा. त्याने दिला नाही. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला, कारण वडिलांचा छापून आलेला फोटो तेवढा एकच होता. संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन आले. इतकी वर्षं झाली, ‘मूळ’ शब्द समोर आला की मला तो खिसा दिसतो. तेव्हा तुझं काय होत असेल ते मला कळतं.

आता चुकांकडे येऊ. ‘महाराष्ट्र दीन’ आणि ‘खून’ या दोन्ही तू एका दमात लिहिल्यास, मला त्या एक वाटत नाहीत. कीबोर्ड कोणता वापरतेस ते सांगितलं नाहीस, मी इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांची सरकारी प्रमाण कीबोर्ड-रचना, धरून चालते. बोटं ठेवून बघ जरा. पहिली वेलांटी ‘एफ’वर आहे आणि दुसरी तिच्या लगेच वरच्या ओळीत ‘आर’वर, पहिला उकार ‘जी’वर आणि दुसरा त्याच्या वर ‘टी’ला. नुसतं ‘एन’ दाबलं की ल, शिफ्ट धरून दाबलं की ळ. ‘एम’ला स, शिफ्टसकट श. म्हणजे दिनचं दीन, वेळचं वेल, डाळचं डाल, मूळचं मूल, शंकरचं संकर हे सगळं बोट अर्ध्या बोटाने सरकलं किंवा शिफ्टवरची करंगळी जरा उशिरा पडली की होतं, घाईच्या सीझनमध्ये तर होणारच. पण ‘न’ आहे ‘व्ही’वर आणि ‘ण’ आहे शिफ्ट धरून ‘सी’वर, आणि नुसत्या ‘सी’ला ‘म’ उमटतो. तुझं शिफ्ट सुटलं असतं तर त्या पत्रिकेवर ‘खूम’ आलं असतं. आलं ‘खून’, म्हणजे तुझं बोट जिथे जायला निघालं होतं तिथेच बरोबर गेलं. ही घसरण कानातली आहे, बोटातली नाही, म्हणून ‘जास्त लक्ष देऊन टाइप कर’ असं कोणी सांगितलं तर त्याने ती जाणार नाही. तू अगदी पूर्ण लक्ष देऊन ‘खून’ टाइप केलं असशील.

आणि स्पेलचेकवर तर इथे अजिबात भिस्त ठेवू नको. खून, दीन, वेल, मूल हे सगळे खरेच शब्द आहेत, कॉम्प्युटर त्यांच्याखाली लाल रेघ कशाला ओढेल? मोबाईलवर इंग्रजी अक्षरांनी मराठी टाइप केलं की तो दोन्ही शब्द पुढे ठेवतो, आणि आपण पहिला दिसेल त्याला अंगठा लावून मोकळे होतो.

कानाचं नीट बोलू, कारण तुझं खरं दुखणं तिथेच आहे. तुमच्याकडे पाणी ‘पानी’ असतं, लोणी ‘लोनी’, डोळा ‘डोया’ आणि काळा ‘काया’. ही वऱ्हाडी आहे, ती कोणाची बिघडलेली पुस्तकी मराठी नाही. जळगावकडच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्याही ‘पानी’च म्हणायच्या, त्यांच्या कविता घरच्यांनी जशा ऐकल्या तशा उतरवून घेतल्या, १९५२ साली त्यांचं पुस्तक आलं तेव्हा त्यातले ‘न’ बदलून कोणी ‘ण’ केले नाहीत, आणि अख्ख्या महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतलं. तेव्हा घरी बोलताना तू ‘पानी’च म्हण, आणि आईला सुधारायला तर अजिबात जाऊ नकोस. फक्त हे ध्यानात घे की ज्यांच्या घरात न आणि ण वेगळे बोलतात त्यांना हा फरक लहानपणीच कानातून फुकट मिळतो, तुला तो डोळ्याने कमवावा लागणार आहे. त्यात कमीपणा कसला, पण मेहनत मात्र तुलाच करायची आहे, त्यांना नाही. ग्रुपवर फोटो टाकणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं. त्याला उत्तर देऊ नको, भावालाही भांडू देऊ नको.

बरं, तुझ्या पत्रातली शेवटची ओळ. तू ‘मणापासून आभारी’ लिहिलंयस. हसत नाहीये मी, ती ओळ वाचून मला वाईट वाटलं. मण म्हणजे ४० शेर, धान्याचं माप. मनाला ‘न’च आहे, आणि मला खात्री आहे की पत्रिकेचं प्रकरण होण्याआधी तू ते बरोबरच लिहीत होतीस. आता भीती बसलीय म्हणून जिथे न दिसेल तिथे ण करून टाकतेस, सेफ साइड म्हणून. हे फार जणांचं होतं, ज्याला बोलण्यावरून एकदा टोकलं तो पुढे ‘अनुभव’चं ‘अणुभव’ करतो आणि ‘मनपूर्वक’ला ‘मणपूर्वक’ करतो (ते मनःपूर्वक, विसर्ग विसरू नको). अणू म्हणजे कण, त्याचा अनुभवाशी काही संबंध नाही. माहीत असलेल्या शब्दाला भीतीपोटी हात लावायचा नाही, आणि माहीत नसलेल्याला विचारल्याशिवाय लावायचा नाही, मी मूल गावाला लावला तसा.

आता डोळ्याने कसं कमवायचं ते सांगते. तुझ्या फ्लेक्सवर येणारे बहुतेक शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आलेले असतात, आणि त्यांना एक साधी खूण आहे : शब्दात आधी र, ऋ किंवा ष येऊन गेला असेल तर पुढच्या न चा ण होतो. निमंत्रण, स्मरण, वितरण, अनावरण, लोकार्पण, वृक्षारोपण, भाषण, प्रशिक्षण, यात कुठे ना कुठे र किंवा ष आहेच (क्ष मध्ये ष असतो). आणि भूमिपूजन, उद्घाटन, अभिनंदन, आयोजन, विमोचन, भोजन यात नाही, म्हणून न. तू म्हणशील दर्शनमध्ये र आहे की. आहे, पण मध्ये श आला. मध्ये च, ट, त या वर्गातलं अक्षर किंवा श-स आला की तो अडवतो, म्हणून प्रदर्शन, मार्गदर्शन, प्रकाशन, कीर्तन, वर्धापन यांचा न तसाच राहतो. परिवहनसारखा एखादा शब्द नियम मोडून पण भेटेल, एसटीच्या बसवर रोज वाचतेसच तो, तेवढे लक्षात ठेवायचे. पण दोन दिवस दुकानातल्या जुन्या फाइली काढून एवढी एक गोष्ट तपासत बस, बघ किती डोक्याचा ताप कमी होतो.

आपल्या घरगुती शब्दांचं जरा वेगळं आहे आणि मला ते फार आवडतं. संस्कृतात कर्ण, पर्ण, सुवर्ण, चूर्ण, सगळीकडे ण, पण मराठीत येता येता ते झाले कान, पान, सोनं, चुना. आणि तिकडे ज्यात साधा न होता, पानीय, नवनीत, भगिनी, स्थान, ते झाले पाणी, लोणी, बहीण, ठाणं. अगदी उलट. म्हणजे तुझ्या घरी लोक ‘लोनी’ म्हणतात तेव्हा नवनीतातला तो जुना न त्यांच्या तोंडी परत आलाय म्हण. हे कळलं म्हणून लगेच टायपिंग सुधारणार नाही, पण शब्द नुसते पाठ करायच्या ऐवजी त्यांच्याकडे बघावंसं वाटेल.

एक वही कर, छोटी, कीबोर्डशेजारी मावेल अशी. शाळेतल्या व्याकरणात शब्दयुग्मांची लांबलचक यादी असते ना, अनल म्हणजे अग्नी आणि अनिल म्हणजे वारा, पिक म्हणजे कोकिळ आणि पीक म्हणजे शेतातलं, ती उतरवून काढू नको. तुझ्या दुकानात कोकिळेचं कोणी काही छापायला आणणार नाही. तुझ्या हातून जी जोडी एकदा चुकली किंवा चुकता चुकता राहिली तेवढीच वहीत घ्यायची, आणि दोन्ही शब्द एकाच वाक्यात बसवायचे, म्हणजे डोळ्याला ते शेजारी शेजारी दिसतात. खुनाच्या जागी पोलिसांना बुटाची खूण सापडली. तान घेताना गळ्यावर ताण आला. चार जण पुढे आले की जनसभा होते. वेल मांडवावर चढायला वेळ लागतो. हा कोन कोण मोजणार? (आता गंमत बघ, कोन न चा, चौकोन न चा, आणि त्रिकोण मात्र ण चा, इथे कान असला काय नसला काय, डोळाच लागतो.) वाक्य तू स्वतः कर, माझी घेऊ नको, स्वतः केलेलं डोक्यात राहतं.

‘दिन’चं असं की आपले रोजचे शब्द, मूल, फूल, पूर, खीर, खूण, यांच्यात शेवटच्या अक्षराआधीचं दीर्घ असतं, त्यामुळे हाताला तीच सवय लागते आणि हात दीन लिहितो. पण दिन संस्कृतातला, तिथे तो ह्रस्व, तर आपणही ह्रस्वच लिहायचा. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम सरकारने १९६२ साली मान्य केले, १९७२ला आणखी ४ आले, त्यातलंच हे. नियम डोक्यात नाही राहिला तर त्याची भावंडं आठव : दिनांक, दिनदर्शिका, दिनक्रम, सगळे पहिल्या वेलांटीचे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दिसतात. आणि दुसरा दीन म्हणजे लाचार, दीनदुबळा, दीनवाणा. १ मे १९६०ला जे राज्य लोकांनी लढून मिळवलं त्याच्या दिवसाला ‘दीन’ म्हणून चौकात लावायचं, हे मला तरी सहन होत नाही, तुलाही होऊ नये. आणि एवढं बोलतेच आहे तर, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, आणि मराठी राजभाषा दिन असतो १ मेला. ऑर्डर देणारे ही दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी सांगतात, तू तारीख बघून विचारून घेत जा.

गावांच्या नावात मात्र पूर दीर्घच. मलकापूर, मूर्तिजापूर, नागपूर. मूळ शब्द पुर म्हणजे नगर, पण गावाच्या नावाला लागला की दीर्घ लिहायचा असा नियमच आहे, नदीच्या पुराशी त्याचं काही नातं नाही.

पत्रिकांमध्ये जे मी सगळ्यात जास्त चुकलेलं बघते ते ग्रह आणि गृह. लग्नाआधी असतो तो ग्रहमख, तो ग्रहांसाठी. लग्नानंतर असतो तो गृहप्रवेश, घरात. कोणी दोन्हीकडे ग्रह करतात, कोणी दोन्हीकडे गृह, आणि पार्टीने दिलेल्या हस्तलिखितात पण तसंच असतं. अशा ठिकाणी तूच त्यांना प्रेमाने सांगायचं. रक्तदान शिबिराच्या फ्लेक्सवर ‘आव्हान करण्यात येत आहे’ असतं, आव्हान म्हणजे चॅलेंज, हिंमत असेल तर ये असं. लोकांना या म्हणून विनंती करायची असेल तर ते आवाहन. आपण देवाचं आवाहन करतो, पूजेत म्हणतो ना, तेच. आणि शिबिरला दोन्ही वेलांट्या पहिल्या.

टिंबाकडे पण बघ, ‘एक्स’वर आहे ते, चटकन निसटतं. श्रद्धांजलीच्या बोर्डवर ‘यांचे’चं ‘याचे’ झालं की गेलेल्या माणसाचा मान गेला. ‘आमच्या मुलाचा विवाह’ मध्ये एक टिंब जास्त पडलं की सगळ्या मुलांचं लग्न एकाच मांडवात लागलं. आणि चि. सौ. कां. मधला ‘कां.’ गाळायचा नाही कधी, सौभाग्यकांक्षिणी म्हणजे जिला सौभाग्य हवंय अशी, नवरी मुलगी. ‘कां.’ गळून नुसतं सौ. राहिलं तर ती आधीच सौभाग्यवती झाली. टिंब आणि एक अक्षर, तेवढ्याने बाईचं लग्न आधीच होऊन जातं.

केटरर्सचं काम येत असेल तर हे एक बघून ठेव. आचार्यांना म्हणजे गुरूंना, आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. तो आडवा र काढायचा तर शिफ्ट धरून ‘जे’, मग ‘डी’, मग य, आणि नुसता ‘जे’ दाबलास की रफार होतो, वर चढतो. आणि कृषी केंद्राच्या जाहिराती करत असशीलच, तुमचा तर कापसाचा पट्टा, तिथे बियाणं ‘संकरित’, म्हणजे दोन वाणांच्या संकरातून झालेलं. जगातलं पहिलं कापसाचं व्यापारी संकरित वाण १९७० साली गुजरातेतून आलं, सुरतेच्या संशोधन केंद्रातून. लोक ‘शंकरित’ म्हणतात, बाजारात शंकर-६ नावाने गाठींचा भाव पण लागतो, तो बाजारातल्या नावाप्रमाणे तसाच लिहायचा. पण वाणाचं नाव नसेल, नुसतं बियाण्याचं वर्णन असेल, तर संकरित.

हे सगळं वाचून परत घाबरू नको. बघ, ‘जग’ लिहिलं तर ते दुनिया की ‘जगा आणि जगू द्या’मधलं जगणं? बोलताना ज वेगळा लागतो, लिहिताना सारखाच. ‘जरा’ म्हणजे थोडंसं, आणि जरा म्हणजे म्हातारपण पण. कोणी अडतं का? वाक्य असलं की वाचणारा बरोबर धरतो. तू पत्रिकेत ‘मारुती मंदिराची खून लक्षात ठेवून डावीकडे वळावे’ असं लिहिलं असतंस ना, तरी चूक झालीच असती पण कोणी रडलं नसतं. घात झाला तो शब्द एकटा उभा होता म्हणून, पुढे दोन टिंबं आणि मग मंदिर. ‘महाराष्ट्र दीन’ही तसंच, चार फुटी अक्षरात, आजूबाजूला वाक्य नाही. आणि तुझं कामच असं आहे की त्यात सगळे शब्द एकटे उभे असतात, मथळे, नावं, पत्ते, तारखा. म्हणून प्रूफ वाचताना वरून खाली पत्रिकेच्या लयीत वाचायचंच नाही, ‘आमचे येथे श्री कृपेकरून’ एवढं आलं की पुढचं सगळं तोंडपाठ असल्यासारखं डोळा घसरत जातो. पहिले सुटे शब्द बघ, पट्टी ठेवून, एकेक, आणि प्रत्येकाशी थांबून मनात अर्थ म्हण. खूण, म्हणजे ओळखायची जागा. दिन, म्हणजे दिवस. अर्थ म्हटला की जो शब्द डोळ्यांपुढे आहे तो तोच आहे का हे कळतं. मग नावं आणि गावं, ती पार्टीच्या अक्षरातल्या कागदाशी लावून, आणि शंका आली तर फोन. बाकी मजकूर शेवटी.

आणि मालकांशी बोलायचं एक राहिलं. पार्टीला प्रूफ दाखवलं होतं का? त्यावर कोणाची सही होती? तू ते लिहिलं नाहीस, म्हणजे बहुतेक तशी पद्धतच नसावी तुमच्याकडे. ४०० कागद छापायला जाण्याआधी एकाच पोरीचे दोन डोळे त्यावरून जातात, तीच टाइप करते तीच तपासते, तर चूक सगळी तिच्या पगारातून कशी काय कापता येईल? भांडू नको, पण स्पष्ट बोल. म्हणावं, काका, माझी चूक मी मान्य केली, पैसे कापलेत ते पण कापलेत, पण इथून पुढे एकही पत्रिका पार्टीच्या सहीशिवाय प्लेटला जाऊ द्यायची नाही, व्हॉट्सॲपवर प्रूफ पाठवलं तर ‘वाचलं, बरोबर आहे’ असा त्यांचा मेसेज आल्याशिवाय नाही, आणि सीझनमध्ये टाइप मी केलं तर वाचायचं दुसऱ्याने. तो दुसरा कोणीही चालेल, मालकांची दहावीतली मुलगी असली तरी. टाइप करणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही गं, ती कितीही हुशार असो, कारण कागदावर काय आहे ते वाचण्याऐवजी आपल्या मनात काय होतं तेच ती वाचत असते.

आजींकडे रविवारी जा. वही त्याच्या आधी आण, पहिलं वाक्य लिहून ठेव.